बंदूक द्या म्हणणाऱ्यांसाठी, ट्रिगरबद्दल थोडंसं

बिबट्या दिसला की आमच्या नाशिकच्या ग्रुपांवर ठरलेला मेसेज येतो : "शेतकऱ्यांना बंदुका द्या, प्रश्न मिटेल." निफाड-सिन्नरकडे उसाच्या कडेने रात्री पाणी भरायला जाणाऱ्याची भीती खोटी नाही. मीही गेलोय. पण घरात रायफल पाहिलेली असल्यामुळे थोडं सांगावंसं वाटतं.

माझ्या काकांकडे परवान्याची .315 बोल्ट अ‍ॅक्शन होती. हिची यंत्रणा मूळची ली-एनफिल्डची, म्हणजे लष्करी. .303 सामान्य नागरिकाला मिळत नाही, म्हणून .315. ट्रिगर दोन टप्प्यांचा : आधी सैल, मग अडल्यासारखा, मग जोर लावला की बार. धावपळीत चुकून गोळी सुटू नये म्हणून सैनिकासाठी केलेली ही रचना. तो दोष नाही, स्वभाव आहे. पण हा स्वभाव हाताला शिकावा लागतो.

कारण साधं आहे. रायफल चारेक किलोची आणि ट्रिगरला दोन-अडीच किलोचा जोर. बोटाबरोबर मनगट ओढलं गेलं की नळी हलते. नळी एक अंश हलली तर 100 मीटरवर गोळी पावणेदोन मीटर बाजूला जाते. अंशाचा साठावा भाग हलली तरी 3 सेंटीमीटर. मग कारखान्याने नळी कितीही चांगली दिलेली असो.

पॅरिसला 2024 मध्ये ब्राँझ मिळवणारा स्वप्नील कुसाळे नाशिकच्याच क्रीडा प्रबोधिनीत शिकला. त्याच्या 50 मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. ट्रिगर बोट टेकताच सुटणारा, सराव कित्येक वर्षांचा, समोर कागद. तरी प्रत्येक गोळी दहात जात नाही. आमच्या काकांना कारतुसं मोजून मिळायची, सरावाला जागा नाही आणि निवडणूक लागली की रायफल पोलीस ठाण्यात जमा. परत आल्यावर नेम तपासायचा कुठे?

एकदा रीतसर परवानगी काढून रानडुकरावर बार टाकला. अंतर साठेक मीटर, उजेड जेमतेम. लागलं, पण पोटात. सकाळपर्यंत रक्ताच्या मागावर फिरलो, सापडलं नाही. काका एवढंच म्हणाले, "रायफलीचा दोष नाही रे. मी ट्रिगर दाबला नाही, ओढला." त्यानंतर त्यांनी कधी बार टाकला नाही.

ते डुक्कर होतं. बिबट्या असता तर? 1907 मध्ये जिम कॉर्बेटने मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले होते. शिकार जमेना, म्हणून ती माणसांवर आली. तिने 436 माणसं मारल्याची नोंद सांगतात. अर्धवट लागलेली गोळी प्रश्न मिटवत नाही, वाढवते.

कायदाही उगाच कडक नाही. बिबट्या माणसाच्या जिवावर उठला असेल आणि पकडता किंवा बेशुद्ध करता येत नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक मारण्याचा लेखी आदेश देऊ शकतात. तेव्हाही नेम तयार असलेल्या माणसाच्याच हातात रायफल हवी.

म्हणून म्हणतो, मागायचंच असेल तर वेळेवर पिंजरे मागा, वनखात्यात प्रशिक्षित माणसं मागा. आणि सगळ्यात आधी शेतीला दिवसा वीज मागा. रात्री उसात जावंच लागलं नाही, तर खांद्यावर बंदूक कशाला हवी?