देवगिरी, वेरूळ, अजिंठा आणि खिशातला कॅमेरा

दिवाळीचे वहीपूजन आटोपले, पेढीवरची गर्दी ओसरली, की अनेक व्यापारी कुटुंबांत प्रवासाचे बेत आखले जातात. छत्रपती संभाजीनगरला मुक्काम ठेवून देवगिरीचा किल्ला, वेरूळ आणि अजिंठा असा तीन दिवसांचा क्रम त्यांपैकी अनेकांच्या मनात असतो. पावसाळा सरलेला असतो, डोंगरांवर हिरवा रंग अजून टिकून असतो आणि ऊन सोसण्याजोगे असते. सोबत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत तीन पिढ्या असतात. अशा प्रवासासाठी एक चांगला कॅमेरा घ्यावा, तो खिशात किंवा लहान पिशवीत मावावा, भिंगे बदलण्याची कटकट नसावी आणि दूरचेही टिपता यावे, अशी इच्छा स्वाभाविक आहे. दुकानात गेल्यावर मात्र खोक्यांवरचे आकडे समोर येतात. दहापट, तीसपट, चाळीसपट झूम! मोठा आकडा तो चांगला माल, असे वाटून व्यवहार उरकला जातो. या तीन स्थळांचा विचार करून कॅमेरा निवडू गेल्यास हिशेब निराळा निघतो.

प्रथम त्या आकड्याचा अर्थ पाहावा. भिंगाची सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड नाभी यांचे गुणोत्तर म्हणजे झूमचा आकडा. २००६ साली पॅनासॉनिकने टीझेड मालिकेतला पहिला कॅमेरा आणला, तो दहापट झूमचा होता. त्याची नाभी ३५ ते ३५० मिमी इतकी होती. दहा वर्षांनी, २०१६ मध्ये आलेला टीझेड-१०० हाही दहापटच. पण त्याची नाभी २५ ते २५० मिमी. खोक्यावर आकडा एकच, पण पहिल्याची झेप दूरवर जास्त आणि दुसऱ्याचा आवाका जवळ जास्त. म्हणून विक्रेत्याला ‘किती पट?’ असे न विचारता ‘कुठून कुठपर्यंत?’ असे विचारावे. हे आकडे चित्रफितीच्या जुन्या ३५ मिमी मापाशी जुळवून दिलेले असतात, त्यामुळे दोन कॅमेऱ्यांची तुलना सरळ करता येते.

याचा एक सोपा हिशेब वहीच्या कोपऱ्यात मांडण्यासारखा आहे. अंतराला ३६ ने गुणावे आणि नाभीच्या मिलिमीटरांनी भागावे. आडव्या चौकटीत किती रुंदी मावेल ते कळते. आठ मीटरवरून २४ मिमी नाभीत १२ मीटर रुंदी मावते, ३५ मिमीत जेमतेम सव्वाआठ मीटर. पाचशे मीटरवरून २५० मिमीत ७२ मीटर दिसते, तर ७२० मिमीत केवळ २५ मीटर. या एका हिशेबावर पुढचा सारा प्रवास तोलून पाहता येतो.

शहरातून वेरूळकडे निघाल्यावर साधारण अर्ध्या वाटेवर देवगिरी लागतो. यादवांची ही राजधानी. १३२७ साली महंमद तुघलकाने आपली राजधानी येथे हलविली आणि तिला दौलताबाद हे नाव दिले. सपाट प्रदेशातून एकाएकी वर आलेला सुमारे दोनशे मीटर उंचीचा हा डोंगर, त्याचे तासून उभे केलेले कडे, खडकात खोदलेला खंदक आणि पुढे वर नेणारा अंधारी नावाचा काळोखा भुयारी मार्ग. तरुण मंडळी धापा टाकत बारादरीपर्यंत जातात. गुडघ्यांनी साथ सोडलेली आजी मात्र खाली, साठ मीटरहून उंच असलेल्या चांद मिनारच्या परिसरात, सावली पाहून बसते.

लांब झूमचे खरे मोल येथे कळते. वर पोचलेला नातू बारादरीच्या कमानीत उभा राहून हात हलवतो, तेव्हा खालून साध्या डोळ्यांना तो ठिपक्याएवढाही दिसत नाही. ७२० मिमीच्या कॅमेऱ्यात कमान भरून येते, कठड्याशी कोण उभे आहे ते ओळखू येते आणि आजी पडद्यावर बोट ठेवून नाव घेते. जेथे पाय पोचत नाहीत तेथे दृष्टी पोचविण्याचे हे काम ज्या घरात महत्त्वाचे आहे, त्या घराने तीसपट झूमला चैन समजू नये. सोनीचा २४ ते ७२० मिमीचा एचएक्स-९०व्ही किंवा कॅननचा २४ ते ९६० मिमीचा एसएक्स-७४० हे या वर्गातले कॅमेरे आहेत. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लांब नाभीवर हाताचा किंचितसा कंपही मोठा होऊन दिसतो. कॅमेऱ्यातील कंपरोधक सोय बरेचसे सावरून घेते, तरी कोपर अंगाशी धरावेत, भिंतीचा किंवा खांबाचा आधार घ्यावा. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दूरचे चित्र विरघळल्यासारखे येते; तेथे महागडे भिंगही काही करू शकत नाही. दूरचे चित्र सकाळीच घ्यावे. ‘डिजिटल झूम’ नावाच्या जादा आकड्याला मात्र किंमत देऊ नये. ते केवळ चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणे आहे.

वेरूळला पोचल्यावर पारडे फिरू लागते. सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या डोंगरकड्यात येथे चौतीस लेणी आहेत. सोळावे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, आठव्या शतकातले. वरून खाली कोरत आणलेले हे मंदिर सुमारे तीस मीटर उंच आहे आणि त्याच्या तिन्ही बाजूंना कातळाची भिंत आहे. अंगणात उभे राहिल्यावर अडचण उमगते. पाठ भिंतीला टेकते, मागे सरायला जागा नसते, आणि मंदिर चौकटीत मावत नाही. येथे तीसपट, चाळीसपट हे शब्द निरुपयोगी ठरतात. २४ मिमीचे रुंद टोक तेवढे कामी येते. ज्याचे भिंग ३५ मिमीपासून सुरू होते तो कॅमेरा येथे अर्धेमुर्धे चित्र घेऊन परततो.

बाजूच्या डोंगरावर चढून पाहिले, की मंडपाच्या छतावरचे कोरीव कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह दिसतात. अंगणातून ते मुळीच दिसत नाहीत. येथे झूम हवाच, पण किती? अंतर ६० मीटर धरले तर २५० मिमीच्या चौकटीत साडेआठ मीटरच्या आसपास रुंदी येते. सिंहांसाठी एवढे पुष्कळ झाले. म्हणजे वेरूळच्या उंच-दूरच्या शिल्पांनाही दहा-पंधरापट झूम पुरतो.

कैलासाच्या उत्तरेस एक-दीड किलोमीटरवर तीस ते चौतीस क्रमांकाची जैन लेणी आहेत. बत्तिसाव्या लेण्याला इंद्रसभा म्हणतात. अंगणातील अखंड दगडाचा हत्ती उन्हात असतो, तेव्हा कोणताही कॅमेरा त्याचे चित्र नीट देतो. कसोटी लागते ती आत शिरल्यावर. वरच्या मजल्यावर छतात कोरलेले मोठे कमळ, आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका, छतावर उरलेले जुन्या रंगकामाचे अंश, या परिसरात समोरासमोर कोरलेले पार्श्वनाथ आणि बाहुबली, बाहुबलींच्या पायांवरून चढत गेलेल्या वेली; हे सारे अंधुक उजेडात आहे. वरचा जिना दगडी आणि चढायला अवघड आहे. घरातले वडीलधारे पुष्कळदा खालीच थांबतात. वरची अंबिका ते पाहणार आहेत ती चित्रातच. ते चित्र काळवंडलेले, दाणेदार किंवा हललेले निघाले, तर इतक्या दूर येऊनही त्यांचे पाहणे राहून जाते.

अंधारात चित्र कसे येईल हे दोन गोष्टींवर ठरते: सेन्सर केवढा आणि भिंगाचे छिद्र किती उघडते. तीस-चाळीसपट झूम एवढ्याशा देहात बसवायचा तर सेन्सर लहानच ठेवावा लागतो. एचएक्स-९०व्हीसारख्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिमीचा असतो. टीझेड-१०० मध्ये ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा १३.२ गुणिले ८.८ मिमीचा सेन्सर आहे, क्षेत्रफळ चौपट. रुंद टोकाला त्याचे भिंग एफ २.८ इतके उघडते, एचएक्स-९०व्हीचे एफ ३.५ इतके. येथे आकडा लहान तितका उजेड जास्त. दोन्ही लाभ एकत्र धरले तर त्याच वेळेत सुमारे सहापट उजेड जमा होतो. एकाला सेकंदाचा तिसावा भाग पुरतो तेथे दुसऱ्याला पाचवा भाग लागतो. हाताचा कंप कॅमेरा सावरील. पण समोर उभ्या असलेल्या नातवाने मान हलवली तर ते कोण सावरणार? लांब टोकाला ओढल्यावर तर छिद्र आणखी लहान होते, एफ ६.४ वगैरे. म्हणून लेण्यात झूम आवरावा आणि शक्य तेथे दोन पावले पुढे जावे.

वेरूळची बहुतेक लेणी पश्चिमाभिमुख आहेत, हेही उपयोगी पडते. दुपार कलली की तिरपे ऊन ओवऱ्यांतून आत शिरते. सकाळी देवगिरी आणि दुपारनंतर वेरूळ असा क्रम ठेवला, तर साधा कॅमेराही चांगले काम देतो. वेरूळ मंगळवारी बंद असते आणि अजिंठा सोमवारी, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावेत. तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तिच्यावर विसंबून कॅमेरा घेऊ नये.

अजिंठ्याला उजेडाची ही गोष्ट अधिकच खरी ठरते. वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावरची लेण्यांची रांग समोरच्या टेकडीवरून रुंद टोकात छान येते. आत मात्र चित्रांच्या रक्षणासाठी मंद दिवे आहेत आणि फ्लॅशला सक्त मनाई आहे. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर उभे राहण्याआधीच, गाडीत असतानाच, फ्लॅश बंद करून ठेवावा. नव्या कॅमेऱ्यात ते बटण कुठे आहे हे घरीच शिकून घ्यावे.

तेव्हा निवड अशी करावी. ज्यांचा प्रवास मुख्यतः लेणी, मंदिरे, जुने वाडे आणि घरची माणसे यांचा आहे, त्यांनी एक इंची सेन्सरचा, २४ किंवा २५ मिमीपासून सुरू होणारा दहा-पंधरापट झूमचा कॅमेरा घ्यावा. तो महाग पडतो आणि त्याची झेप थिटी असते. पण या तीन दिवसांतली बहुतेक चित्रे तोच चोख देतो. ज्यांना पक्षी, वन्यप्राणी, गडकिल्ले अधिक प्रिय, किंवा ज्यांच्या घरचे वृद्ध पायथ्याशीच थांबणार, त्यांनी तीसपटीचा घ्यावा आणि अंधारात त्याच्याकडून फार मागू नये. अलीकडचा चांगला मोबाइल रुंद चित्र आणि मंद उजेड पुष्कळ सांभाळतो. तसा मोबाइल घरात असेल, तर तीसपटीचा लहान कॅमेरा त्याला खरा जोडीदार ठरतो. दोन्ही गोष्टी सारख्याच चांगल्या देणारा खिशातला कॅमेरा मिळत नाही. तसे सांगणाऱ्याचा माल पारखूनच घ्यावा.

दुकानात कॅमेरा हातात घ्यावा. दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्याचे आणि रस्त्यापलीकडच्या पाटीचे चित्र घेऊन ते मोठे करून पाहावे. उन्हात पडदा दिसेनासा होतो, म्हणून डोळ्याला लावायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, असल्यास उत्तम. कॅमेरा कपाळाशी टेकल्याने हातही स्थिर राहतो. जादा बॅटरी आणि झिप असलेली पिशवी त्याच दिवशी घ्यावी. आत-बाहेर सरकणाऱ्या भिंगातून धूळ आत शिरते आणि ती काढणे खर्चाचे होऊन बसते. प्रवासाच्या निदान पंधरा दिवस आधी खरेदी करावी आणि घरातल्या दोघांना तरी तो चालविता यावा.

परतल्यावरचे काम पुष्कळदा राहून जाते. अजिंठ्याची चित्रे जगापुढे नेणारा मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून तेथे प्रतिकृती रंगवीत वर्षानुवर्षे राहिला. १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्याच्या बहुतेक प्रतिकृती जळाल्या. वर्षांच्या श्रमाची दुसरी प्रत नव्हती. गिलने कॅमेराही हाताळला होता. अजिंठा-वेरूळची त्याची छायाचित्रे १८६४ साली ग्रंथरूपाने छापली गेली होती, आणि छापील प्रती अनेक असल्यामुळे ती आजही पाहता येतात. घरी पोचलेल्या दिवशीच कार्डावरची चित्रे दोन ठिकाणी उतरवून ठेवावीत, आणि त्यांतली वीस-पंचवीस निवडून कागदावर छापून घ्यावीत. इंद्रसभेच्या जिन्याखाली थांबलेल्या आजीला वरची अंबिका हातात धरून, चष्मा लावून, सावकाश पाहता येईल.