ओझं आणि पाऊल

रूप मल्लिक यांनी अलाहाबाद विद्यापीठातून एम.एस्सी. केलं, मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून पीएच.डी., तीही भौतिकशास्त्रात. आमच्या उर्दूत सांगायचं तर तबीइयातचा हा माणूस पुढे अमेरिकेत अर्वाइनच्या विद्यापीठात गेला आणि हयातियातमध्ये शिरला.

पेशीच्या आत माल वाहणारी प्रथिनं असतात. हमालच म्हणा ना. डायनीन त्यांतलं एक. त्याचा जोर मोजायला लेझरच्या प्रकाशाचा चिमटा लागतो. 2004 साली ‘नेचर’मध्ये मल्लिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ओझं हलकं असलं की डायनीन लांब टांगा टाकतं, जड झालं की पाऊल आखूड करतं. आखूड म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाख भागांतले आठ भाग! कापसाची बंडी चढावर ओढणारे बैल आमच्या यवतमाळच्या पोरांनी पाहिलेत, त्यांना फार समजवावं लागत नाही.

मुंबईत परतून मल्लिक यांनी टाटा संस्थेत प्रयोगशाळा उभी केली. एकटं डायनीन अशक्त, पण टोळीने लागली की ओझं वाटून घेतात, हे 2013 मध्ये तिथून पुढे आलं. मग उंदरांचं यकृत. पोट भरलेलं असताना कायनेसिन नावाचा दुसरा हमाल चरबीचे थेंब ओढतो. उपाशीपोटी तो थेंबांवरून उतरतो. रमजानमध्ये हे सांगितलं की वर्ग कान टवकारतो. प्रयोग उंदरांवर झाला, रोजेदारांवर नव्हे, हेही आम्ही लगेच बजावतो. 2014 चा भटनागर आणि 2018 चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे ते आयआयटी मुंबईत गेले.

पुरस्कारांपेक्षा आम्हाला त्यांचा विषयबदल महत्त्वाचा वाटतो. उर्दूतला ‘खलिया’ मराठीत ‘पेशी’ होतो आणि अकरावीत एकदम ‘सेल’. तिथेच हुशार मुली सायन्स सोडून आर्ट्सला नाव घालतात. ‘सर, अल्फाजच कळत नाहीत.’ मल्लिक यांना नवी विद्या शिकायला वर्षं मिळाली, शिकवणारे मिळाले. आमच्या मुलीला मिळतो दहावीचा निकाल ते अकरावीचा पहिला तास, एवढाच वेळ. त्यात घरचे विचारतात, कॉलेज किती लांब?

म्हणून आठवीपासूनच आम्ही तीन रकान्यांची वही करून घेतो. डायनीन आणि कायनेसिन तिन्ही रकान्यांत सारखेच लिहावे लागले, तेव्हा पोरी हसल्या.