दुभाष्या

समोर उभा असलेला माणूस केवळ ओळख नाही म्हणून आपल्याला दिसत नाही, असे सहसा घडत नाही. लग्नकार्यात एखादे अनोळखी काका पंगतीत येऊन बसले, तरी आपण त्यांना जिलबी वाढतोच. ते वराकडचे की वधूकडचे, याचा उलगडा मागाहून होतो. यंत्रांच्या जगात हा मोठेपणा नाही. ज्याची ओळख करून दिलेली नाही, ते तेथे मुळी नाहीच!

याचा अनुभव घ्यायचा असेल, तर सुटे भाग आणून घरीच संगणक जोडावा आणि त्यावर विंडोज चढवायला घ्यावी. डिस्क नवी कोरी असते. मदरबोर्डवर स्क्रूने घट्ट बसवलेली असते. बायोसच्या पडद्यावर तिचे नाव, तिची क्षमता, सारे काही ठळक दिसते. आणि तरीही विंडोज बसवणारा कार्यक्रम दोनचार प्रश्न विचारून झाल्यावर शांतपणे सांगतो, की मला एकही डिस्क सापडली नाही; ड्रायव्हर असेल तर द्या. हजारो रुपये मोजून आणलेल्या वस्तूबद्दल असे उद्गार ऐकल्यावर गृहस्थाच्या मनाची काय अवस्था होते, ते सांगायला नको.

२०२२ च्या गणपतीत आमच्याकडे हा पडदा अवतरला. मी मराठी शिकवणारा मनुष्य; संगणक हौसेने जोडण्यातला नव्हे. पण अकरावीतल्या चिरंजीवांना ती हौस होती आणि मला एक गरज होती. माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या मी एम. ए. ला असताना टेपवर घेतल्या होत्या. पुढे टेपांना बुरशी धरली. त्याआधी त्या संगणकावर उतरवून घेतल्या होत्या, म्हणून वाचल्या. आई आता नाही. ती अकरा तासांची दळणे एका जुन्या डिस्कवर होती आणि ती डिस्क अलीकडे मधूनच टकटक करू लागली होती. नागपूरला बहिणीकडे एक प्रत होती खरी. पण 'नागपूरला आहे' आणि 'घरात आहे' यांत फरक आहे.

तेव्हा तपकीर गल्लीतून भाग आले. त्यांत दोन एनव्हीएमई डिस्क होत्या; प्रत्येकी २२ मिलीमीटर रुंद आणि ८० मिलीमीटर लांब, म्हणजे आमच्या लहानपणच्या खोडरबराहून किंचित लांब! एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उतरावे, अशी ही जोडी बांधायची होती. (याने सगळी चिंता मिटते असे समजू नये. एकीवरचे चुकून पुसले, तर दुसरीवरचेही तितक्याच तत्परतेने पुसले जाते. म्हणून नागपूरची प्रत आम्ही परत मागवली नाही.)

बायोसमध्ये जोडी बांधून झाली. आणि मग तो पडदा आला.

"बाबा, डिस्कच दिसत नाहीयेत," चिरंजीव म्हणाले. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अरे, मघाशी तूच बसवल्यास ना?" या प्रश्नाला उत्तर नव्हते.

वास्तविक यात कुणाचाच दोष नव्हता. विंडोज बसवताना जे पडद्यावर दिसते, ती एक छोटी, आटोपशीर विंडोज असते. पेनड्राइव्हवरून ती संगणकाच्या स्मृतीत उतरते आणि तेथून कारभार पाहते. ती तयार झाली त्या दिवशी जी यंत्रे तिला शिकवलेली होती, तेवढीच तिला ओळखू येतात. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात 'दूरदर्शन' नाही, म्हणून आपण मोल्सवर्थसाहेबांवर रागावत नाही, तसेच हे. बायोसला डिस्क दिसते, कारण बायोस मदरबोर्डबरोबरच जन्मलेला असतो. तो घरचा. विंडोज पाहुणी.

आमच्या बाबतीत आणखी एक भानगड होती. इंटेलच्या अलीकडच्या यंत्रांत व्हीएमडी नावाची एक सोय असते. जुन्या पुण्यातील वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ती चटकन कळेल. दिंडीदरवाजाच्या आत देवडी, देवडीवर पहारेकरी, आणि घरची मंडळी आतल्या चौकात. व्हीएमडी हा तो पहारेकरी. ती चालू असली, की डिस्क तिच्यामागे जातात आणि बाहेरून येणाऱ्याला पहारेकरी तेवढा दिसतो. त्याची भाषा येत असेल तर चौकापर्यंत वाट. नसेल तर वाडा रिकामा! ही भाषा जाणणारा दुभाष्या म्हणजेच ड्रायव्हर. या शब्दाने आपल्याला मोटारीचा चालक आठवतो, हे आपले दुर्दैव. तो गाडी हाकत नाही. इकडचे बोलणे तिकडे पोचवतो.

गंमत अशी, की हा दुभाष्या एरवी डिस्कवरच राहतो. डिस्क उघडायला तो हवा आणि तो हवा तर डिस्क उघडायला हवी! किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. म्हणून त्याला वेगळ्या पेनड्राइव्हवर बसवून दारापर्यंत आणावे लागते.

चिरंजीवांच्या एका जाणत्या मित्राने फोनवरून सोपा उपाय सांगितला: व्हीएमडीच बंद करून टाक. पुष्कळांना हा सल्ला लागू पडतो, आणि एकच डिस्क असलेल्या घरी मीही तोच देईन. पण आमची जोडी त्या पहारेकऱ्याच्याच हवाली होती. त्याला रजा दिली असती, तर दोन्ही डिस्क सुट्या सुट्या दिसल्या असत्या आणि ज्यासाठी हा खटाटोप मांडला, तेच बाजूला राहिले असते. मी नको म्हटले. घरात शब्दाला मान क्वचितच मिळतो. त्या दिवशी मिळाला.

ड्रायव्हर शेजारच्या संगणकावरून उतरवून घेतला, तर तो एका बंद गाठोड्यात आला. विंडोज चालू असेल तर असे गाठोडे आपले आपण सुटते. पण येथे विंडोजचाच पत्ता नव्हता! ते आधी दुसऱ्या संगणकावर सोडून आतल्या सुट्या फायली पेनड्राइव्हवर ठेवाव्या लागतात. त्यांतली एक फाईल साध्या मजकुराची असते. हा दुभाष्या कोणकोणत्या यंत्रांची भाषा जाणतो, याची तीत यादी असते. प्रत्येक कंपनीला एक क्रमांक असतो, इंटेलचा ८०८६. १९७८ साली तिने याच क्रमांकाचा प्रोसेसर काढला होता, तोच आकडा अजून कुळाच्या नावासारखा चालू आहे. मला हे कळले तेव्हा यंत्राविषयी प्रथमच थोडा जिव्हाळा वाटला.

पण खरा आनंद पुढे होता. फोल्डरच्या नावात 'एफ-६' होते, मग 'व्हीएमडी', आणि त्यानंतर स्वर गाळून लिहिलेला 'फ्लॉपी'! चिरंजीवांना त्याचा अर्थ लागेना. मला लागला. २००६ साली एका मित्राच्या खोलीवर मी विंडोज एक्सपी चढताना पाहिली होती. सुरुवातीला निळ्या पडद्याच्या तळाशी काही क्षणच एक ओळ येई: वेगळा ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ-६ दाबा. तेवढ्यात कळ दाबली गेली नाही, तर पुन्हा पहिल्यापासून! आणि ड्रायव्हर द्यायचा तो फ्लॉपीवरून. १.४४ मेगाबाइटची ती चौकोनी तबकडी वाचणारे यंत्र नव्या संगणकाला नव्हते. आम्ही ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून रात्रीपुरते मागून आणले होते. २००७ मध्ये व्हिस्टा आली आणि सीडी, पेनड्राइव्ह चालू लागले. ती ओळ गेली, फ्लॉपी गेली, नाव राहिले. वीज गेली की आपणही 'दिवे गेले' म्हणतो, मग घरात एकही दिवा लागलेला नसो. व्याकरणाच्या तासाला मी हे उदाहरण आता आवर्जून देतो. पोरांना व्याकरणाचे काही वाटत नाही. फ्लॉपी म्हणजे काय, तेवढे मात्र विचारतात.

फोल्डर दाखवला. या यंत्राला लागू न पडणारे ड्रायव्हर विंडोज स्वतःच झाकून ठेवते, त्यामुळे निवड करायची राहिली नाही. अर्धे मिनिट गेले. मग रिकाम्या यादीत एक ओळ उमटली. दोन डिस्क, पण यादीत एकच. पहारेकऱ्याने जोडीला जोडी म्हणूनच पुढे केले होते.

येथे एक सांगण्यासारखे आहे. जुनी डिस्क आम्ही तोपर्यंत यंत्राला लावलीच नव्हती. डिस्क दिसू लागल्या, की विंडोजला सगळ्याच सारख्या. कोणती कोरी आणि कोणतीत आई आहे, हे तिला कळत नाही. 'पुसू का?' असे ती दोघींविषयी एकाच सुरात विचारते. म्हणून जुनीची तार पेटीबाहेर, टेबलावर. चिरंजीवांना हा भित्रेपणा वाटला. वाटो.

रात्री साडेदहाला विंडोज उभी राहिली. यंत्र बंद करून जुनीची तार जोडली, पुन्हा सुरू केले आणि फायली उतरू लागल्या. मध्ये ती दोनदा टकटकली. दोन्ही वेळा आम्ही तिघेही बोलायचे थांबलो. सौभाग्यवतींना राहवेना, त्यांनी उतरलेली पहिली फाईल लावायला सांगितली. आधी जात्याची घरघर, मग खोकला, मग आईचे 'सुरू झालं का रे?' ओवी त्यानंतर.

तो पेनड्राइव्ह आम्ही पुसला नाही. पुन्हा कधी विंडोज चढवावी लागली, तर दुभाष्या हाताशी असलेला बरा. सौभाग्यवतींनी तो पाकिटात घालून कपाटात, घराच्या कागदपत्रांजवळ ठेवला आहे. पाकिटावर त्यांच्या अक्षरात लिहिले आहे: 'फ्लॉपी. टाकू नये.'