सुपरब्लॉक खराब नव्हता

वेल्ह्याच्या शाखेतून फोन आला: मुदत ठेवींच्या काही नोंदी चुकून डिलीट झाल्यात, आणि पावसामुळे लाइट ये-जा करतेय. पतसंस्थेचा सर्व्हर भोरच्या मुख्य कार्यालयात, देखभाल माझ्याकडे. पहाटेचा एलव्हीएम स्नॅपशॉट हाताशी होता. तो माउंट करायचा, त्यावर मारियाडीबी दुसऱ्या पोर्टवर चालू करायचा आणि गेलेल्या नोंदी उचलायच्या.

माउंट झालाच नाही. स्क्रीनवर ती नेहमीची मोघम ओळ: फाइलसिस्टिमचा प्रकार चुकीचा, पर्याय चुकीचा, नाहीतर सुपरब्लॉक खराब. शेजारचा पोरगा म्हणाला, "सर, रिपेअर मारू? हायफन एल देऊन?" मी त्याचा हातच धरला. त्या पर्यायानं एक्सएफएसचा लॉग पुसला जातो आणि डिस्कवर उतरायचे राहिलेले बदल कायमचे जातात. "आधी डीमेसेज बघ." तिथं खरं कारण होतं: डुप्लिकेट यूयूआयडी.

स्नॅपशॉट ब्लॉकच्या पातळीवर निघतो, त्यामुळे सुपरब्लॉकमधली १२८ बिटांची ओळखही जशीच्या तशी येते. मूळ व्हॉल्यूम माउंट असताना त्याच ओळखीच्या दुसऱ्या एक्सएफएसला कर्नल दारातच अडवतो. मला हा हट्ट पटतो. बीटीआरएफएसमध्ये असा जुळा दिसला, तर डेटा भलत्याच डिव्हाइसवर जाऊन खराब होऊ शकतो. ईएक्सटी४ मुकाट्यानं माउंट होतं, पण एफएसटॅबमध्ये यूयूआयडी असेल तर रीबूटनंतर नेमका कोणता व्हॉल्यूम उचलला, ते तपासत बसा!

पोरानं नवा यूयूआयडी देऊन पाहिला. तोही नाकारला, कारण लॉगमधले बदल बाकी होते. म्हणजे लॉग निपटायला माउंट हवा आणि माउंटला ओळख आडवी. सुटका 'नोयूयूआयडी' या पर्यायात. तो दिला, लॉग निपटला, माउंट झाला. काम तात्पुरतं होतं, नवी ओळख द्यायच्या फंदात पडलो नाही.

खरी घाई वेगळीच होती. बाकी शाखांचे व्यवहार चालू होते, आणि मूळ व्हॉल्यूमवर ब्लॉक बदलला की त्याची जुनी प्रत स्नॅपशॉटच्या राखीव जागेत जाते. ती जागा भरली की स्नॅपशॉट बाद. एलव्हीएसमधला आकडा ८० टक्क्यांच्या पुढे सरकलेला. जागा वाढवून घेतली, मगच डंप काढला. गेलेल्या नोंदी मूळ डेटाबेसमध्ये भरल्या आणि वेल्ह्याच्या शाखेत फोन लावला.

"मॅडम, बघा आता."

"आल्या सर. पण आज सकाळच्या दोन दिसत नाहीत."

त्या स्नॅपशॉटनंतरच्या. पावत्यांवरून पुन्हा टाकायला सांगितल्या.