बंद संगणकातील जमाखाते

बार्शीच्या बाजारपेठेतील त्या आडत दुकानात लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चोपड्यांबरोबर एका जुन्या संगणकालाही हळदकुंकू वाहिले जाई. १९९९ साली आणलेला तो संगणक चार वर्षे हिशेबाला चालला. मार्च २००३ नंतर दुकानात नवी हिशेबप्रणाली आली, चालू खाती तिच्यात उतरवली गेली आणि जुना संगणक तांबड्या कापडाची खोळ घालून कोपऱ्यात ठेवण्यात आला. अण्णांना तो मोडीत काढवत नव्हता. थोरल्या चिरंजिवांच्या मते त्याने फक्त जागा अडवली होती.

त्या दिवशी वैराग भागातील एका गावाहून एक बाई दुकानात आल्या. वडील वारल्यावर ट्रंक आवरताना त्यांना या दुकानाची एक हिशेबपट्टी सापडली होती. पट्टी २००२ सालच्या रब्बी ज्वारीची होती. हमाली, तोलाई, आडत वजा जाऊन ३८,४५० रुपये निव्वळ, त्याखाली ‘खाती जमा’ असे दोन शब्द आणि अण्णांची सही. बाईंनी काही मागितले नाही. “हे काय आहे तेवढे बघा, अण्णा,” एवढेच त्या म्हणाल्या.

शेतकऱ्याने मालाचे पैसे आडत्याकडेच ठेवायचे आणि लागतील तसे उचलायचे, ही रीत त्या बाजारात जुनी. तेव्हा पट्टी खरी होती, याविषयी कोणाला शंका नव्हती. शंका होती ती पुढच्या व्यवहाराची. त्या वर्षांच्या कागदी वह्या गोदामाच्या गळक्या छपराने आणि वाळवीने संपवल्या होत्या. “पट्टीवरचा आकडा देऊन टाकू,” थोरले चिरंजीव म्हणाले. अण्णांनी मान हलवली. पट्टी म्हणजे खाते नव्हे. मधे त्यांनी पैसे उचलले असतील, आणखी माल घातला असेल. कमी दिले तर तिचे बुडाले, जास्त दिले तर ते दान झाले. हिशेब काही झाला नाही.

तांबडी खोळ काढण्यात आली. बटण दाबले, पण पंखासुद्धा हलला नाही.

घरातील धाकटी सून लग्नाआधी पुण्यात संगणकाच्या नोकरीत होती. तिने यंत्र उघडले, आतील डिस्क काढली, जोडणीची तार मागवली आणि ती डिस्क आपल्या लॅपटॉपला लावली. डिस्क फिरली. हिशेबाच्या प्रोग्रामचा फोल्डर जसाच्या तसा दिसत होता. पण आतील फाइली उघडल्या तर नावांच्या आणि रकमांच्या जागी निरर्थक चिन्हे. फॉक्सप्रोमध्ये प्रोग्राम लिहून देणाऱ्या गृहस्थांनी आपले काम कोणी उचलून नेऊ नये म्हणून माहिती गुंतवून ठेवली होती. फोल्डर लॅपटॉपवर उतरवून प्रोग्राम चालवला, तर ‘हे यंत्र नोंदणीकृत नाही’ असे म्हणून तो बंद झाला. विचारायला ते गृहस्थ आता हयात नव्हते.

तिला मर्म लवकरच कळले. डिस्कचा भाग तयार करताना विंडोज त्याला एक क्रमांक देते आणि तो त्या भागाच्या अगदी पहिल्या कप्प्यात लिहिलेला असतो. प्रोग्राम तो क्रमांक तपासत होता. फाइलींची नक्कल केली की क्रमांक मागे राहतो. संपूर्ण डिस्कची कप्प्यामागून कप्पा अशी नक्कल केली, तर तोही सोबत येतो. तिने तशी नक्कल घेतली. काही कप्पे वाचताना डिस्क कुरकुरली, म्हणून हे काम रात्रभर चालले. मूळ डिस्क मग कागदात गुंडाळून अण्णांच्या तिजोरीत गेली. यापुढे जे काही करायचे ते नकलेवर. वहीत खाडाखोड करायची नाही, हे त्या घरात कोणाला शिकवावे लागत नव्हते.

आता या नकलेला एक शरीर हवे होते. व्हर्च्युअलबॉक्स नावाचे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपच्या पोटात दुसरा, कल्पित संगणक उभा करते. त्या शास्त्राच्या परिभाषेत खऱ्या संगणकातील प्रणाली ही यजमान आणि आत राहायला येणारी ती पाहुणी. इथे पाहुणी होती विंडोज ९८. तिचा अधिकृत सांभाळ ११ जुलै २००६ रोजी थांबला होता आणि व्हर्च्युअलबॉक्स लोकांसमोर आले ते जानेवारी २००७ मध्ये. म्हणजे यजमानाचे घर बांधून होण्यापूर्वीच पाहुणी निवृत्त झालेली. नवे यंत्र तयार करताना प्रणालींच्या यादीत विंडोज ९८ चे नाव अजूनही दिसते, परंतु नाव यादीत असणे वेगळे आणि तिच्या चालण्याची हमी घेणे वेगळे. बाजारातल्या माणसाला हा फरक समजावून सांगण्याची गरज नसावी.

पहिली चूक उदारपणाची झाली. जुन्या यंत्रात ३२ एमबी स्मृती होती. सुनेने कल्पित यंत्राला २ जीबी दिली. विंडोज ९८ ने स्मृती अपुरी असल्याची तक्रार केली! एवढी जागा मोजण्याची तिला सवयच नव्हती आणि तिचा आतला हिशेब त्याने कोलमडत होता. स्मृती २५६ एमबीवर आणली, तेव्हा ढगांचे ते ओळखीचे चित्र पडद्यावर आले. अण्णा खुर्ची पुढे ओढून बसले. चित्र गेले आणि काळ्या पडद्यावर ‘विंडोज प्रोटेक्शन एरर’ ही ओळ उरली.

या ओळीने तीन संध्याकाळी घेतल्या. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकली की सून लॅपटॉप घेऊन बसे, अण्णा समोर. तिने डिस्क नकलेचा दोष धरून पुन्हा नक्कल केली, ध्वनीचा भाग बंद केला, जाळ्याचा बंद केला. ओळ हटली नाही. अखेर दोष सापडला तो कोणी शोधला नसता अशा जागी. स्मृतीतील कोणती गोष्ट कुठे आहे, याची एक छोटी टिपण प्रोसेसर स्वतःजवळ ठेवतो. मांडणी बदलली की जुनी टिपण फेकून देण्यास प्रणालीने सांगायचे असते. विंडोज ९८ या बाबतीत पहिल्यापासून ढिली होती. जुने प्रोसेसर ते चालवून घेत; नवे आपली टिपण अधिक काळ आणि अधिक काटेकोरपणे वापरतात, म्हणून प्रणाली चुकीच्या जागी जाऊन कोसळते. सुनेने हे अण्णांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे भाव बदलला आणि दिवाणजींना कोणी सांगितलेच नाही. ते सकाळच्याच भावाने पट्टी करताहेत.” याहून सोपा खुलासा तिला कुठे वाचायला मिळाला नव्हता.

यावर पॅचर९एक्स नावाचे एक मोफत साधन आहे. कल्पित फ्लॉपीवरून यंत्र सुरू करून ते चालवले की विंडोजच्या गाभ्यातील तो ढिला भाग दुरुस्त होतो. त्याआधी सुनेने यंत्राच्या त्या क्षणीच्या स्थितीचा स्नॅपशॉट घेऊन ठेवला, म्हणजे बिघडलेच तर तिथवर परतता यावे. दुरुस्ती झाली. ढगांचे चित्र आले, गेले, आणि विंडोज ९८ चा हिरवट पडदा उघडला. सोळा रंगांत, ओबडधोबड, पण उघडला. अण्णांनी नकळत हात जोडले.

पुढच्या अडचणी त्यामानाने किरकोळ होत्या. पाहुणीला नवे घर ओळखू येईना. प्रत्येक भागासाठी ती सीडी मागू लागली. यंत्र जोडून देणाऱ्याने सीडीतील फोल्डर डिस्कवरच उतरवून ठेवला होता, त्यामुळे ते भागले. यजमान आणि पाहुणी यांच्यात देवाणघेवाण सुकर करणारी व्हर्च्युअलबॉक्सची जोड-साधने विंडोज ९८ साठी मिळतच नाहीत. परिणामी माउस एकदा आत शिरला की उजवीकडची कंट्रोल कळ दाबल्याशिवाय बाहेर येत नसे. अण्णांनी दोनदा लॅपटॉप बिघडल्याचे जाहीर केले. शिवाय काही काम नसतानाही प्रोसेसर पूर्ण वेगाने धावत राही, तेव्हा पंख्याचा घरघराट सतत कानांवर.

प्रोग्राम उघडला. क्रमांक जुळला. मग पासवर्ड.

तो फक्त दिवाणजींना ठाऊक होता आणि दिवाणजी निवृत्त होऊन मुलाकडे राहत होते. निरोप जाताच ते दुसऱ्या दिवशी आले. “सूनबाई, तोंडाने नाही सांगता यायचा. हात ठेवू द्या,” ते म्हणाले. लॅपटॉपवर हात ठेवला आणि थबकले. उजव्या बाजूचे आकड्यांचे पट्टे त्यावर नव्हते. दुकानातून जुना कळफलक आणून जोडला, तेव्हा त्यांच्या बोटांनी क्षणात सहा आकडे मारले. कोणते मारले, हे त्यांना नंतरही सांगता आले नाही.

पडद्यावर प्रश्न आला: ‘नवीन आर्थिक वर्ष सुरू करावयाचे?’ सुनेचा हात ‘होय’कडे गेला आणि दिवाणजी मोठ्याने म्हणाले, “थांबा!” त्या कळीने जुन्या वर्षाची नोंदवही मिटली असती, शिल्लक तेवढी पुढे ओढली असती. जे बघायचे होते ते मिटणाऱ्या वर्षात होते. कल्पित यंत्र लॅपटॉपकडून आजची तारीख घेत होते, म्हणून हा प्रश्न. विंडोजची तारीख मार्च २००३ मध्ये नेल्यावर तो पुन्हा उमटला नाही.

खाते निघाले. फेब्रुवारी २००२, पट्टीने जमा ३८,४५०. जून, बियाण्यासाठी नावे १०,०००. फेब्रुवारी २००३, ज्वारी विक्री व मागील व्याज मिळून जमा १४,७२०. शिल्लक जमा ४३,१७०. त्यानंतर काही नाही. नवी प्रणाली आली तेव्हा हलती खातीच उतरवली गेली होती. हे खाते त्या महिन्यात हलले नव्हते.

आणि डाव्या कोपऱ्यात व्याजाचा दर होता: ०.७५.

थोरल्या चिरंजिवांनी तो आधी पाहिला. “एकवीस वर्षांचे व्याज, अण्णा? आपण ते पैसे वापरले असे थोडेच आहे? कोणाला माहीतही नव्हते.” प्रश्न अगदीच गैर नव्हता. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. दिवाणजींनी पट्टीची पाठ उलटली, पेन्सिल घेतली. शेकडा बारा आणे, दरमहा ३२३ रुपये साडेसत्त्याहत्तर पैसे, महिने २५२. व्याज ८१,५९१ रुपये ३० पैसे. मुद्दल धरून १,२४,७६१ रुपये ३० पैसे.

“दर कोणी लिहिला होता?” अण्णांनी विचारले.

“तुम्ही सांगितला, मी लिहिला,” दिवाणजी म्हणाले.

चिरंजीव उठून धनादेशपुस्तक आणायला गेले. त्यांची नाराजी गेली होती असे नव्हे.

खात्याचा उतारा बाईंना द्यायचा होता. जुना ठोकळी प्रिंटर जोडायला लॅपटॉपला ते तोंड नव्हते. सुनेने पाहुण्या विंडोजला साधा अक्षरांचा प्रिंटर कॉम१ या दारावर आहे असे सांगितले आणि ते दार यजमानाकडील एका फाइलीत उघडले. प्रोग्रामला वाटले कागदावर छापले. प्रत्यक्षात उतारा लॅपटॉपवर आला आणि तिथून आजच्या प्रिंटरवर. बाईंनी तो दोनदा वाचला. “जूनचे दहा हजार माझ्या लक्षात आहेत,” त्या म्हणाल्या. “त्या वर्षी पेरणी दोनदा झाली होती.”

त्या गेल्यावर अण्णांनी खाते पुरे करायला सांगितले. पैसे दिल्याची नोंद नव्या वह्यांत झाली होतीच, पण शिल्लक जुन्या यंत्रात उभी होती. जुन्या तारखेने नोंद घालायला दिवाणजी तयार होईनात. न झालेल्या दिवशी झालेला व्यवहार ते लिहिणार नव्हते. मग उरला एकच मार्ग. सुनेने आणखी एक स्नॅपशॉट घेतला, तारीख फेब्रुवारी २०२४ केली, आणि या वेळी त्या प्रश्नाला दिवाणजींनी स्वतः ‘होय’ म्हटले. वर्ष २००३-०४ उघडले. पुन्हा प्रश्न, पुन्हा होय. २००४-०५. प्रत्येक वर्षासाठी प्रोग्राम थोडा थांबे, शिल्लका पुढे ओढी आणि रिकामे पान समोर ठेवी. एकवीस वेळा हे झाले. २०२३-२४ उघडले तेव्हा बाहेर अंधार पडला होता. व्याज जमा, धनादेशाने नावे. खात्यात शून्य आले.

शिल्लकांची यादी मात्र पडद्यावर तशीच राहिली होती. जमा बाजूला आणखी सतरा नावे होती. कोणाचे दोनशे रुपये, कोणाचे नऊ हजार, एकाचे साठ हजारांवर. दिवाणजींनी चष्मा पुसला आणि वरून पहिले नाव मोठ्याने वाचले. “हे पांगरीचे. यांचा मुलगा मला वाटते तालुक्याला कारकून आहे.”

अण्णांनी वही ओढली आणि लिहून घेऊ लागले.