वेरूळची दुसरी फेरी

गेल्या डिसेंबरात वेरूळहून परतलो तेव्हा कॅमेऱ्यात १४० छायाचित्रे होती आणि आईने सांगितलेले एकही नव्हते.

आई ८८ वर्षांची आहे. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी ती वेरूळला गेली होती, तेव्हा मी तिच्या कडेवर होतो. बत्तिसाव्या लेण्याच्या वरच्या मजल्यावर अंबिकेची मूर्ती असून तिच्यावरील आम्रवृक्षाला दगडी आंबे लगडले आहेत, असे बरोबरच्या मंडळींनी तिला सांगितले. पण आत अंधार होता, मी रडू लागलो आणि ती जिना उतरून खाली आली. आंबे पाहायचे राहूनच गेले. आता खुब्याचे हाड मोडल्यापासून ती घराबाहेर पडत नाही. म्हणून मी निघताना ती एवढेच म्हणाली होती, "आंबे तेवढे घेऊन ये."

कॅमेरा मुलाने माझ्या निवृत्तीच्या वेळी दिलेला. त्याची तबकडी मी 'ऑटो'वरून कधी हलवली नव्हती. बँकेत असताना न वाचता एकाही कागदावर सही केली नाही. कॅमेऱ्याला मात्र मी कोरा धनादेश देऊन बसलो होतो. लेण्यातल्या अंधारात 'ऑटो'ने आपणहून फ्लॅश उघडला. प्राचीन रंगांचे अवशेष असलेल्या छताखाली तो उडवणे मनाला पटेना, म्हणून मी तो बंद केला. मग कॅमेऱ्याने पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून झडप अर्धा सेकंद उघडी ठेवली. तेवढ्यात माझा हात हलला. अंबिका धुक्यात उभी असावी तशी आली आणि आंब्यांच्या जागी नुसता डाग.

पावसाळ्यात घरी बसून कॅमेऱ्याची पुस्तिका वाचली. हा सारा जमाखर्चाचाच विषय आहे, हे कळल्यावर तो मला आपला वाटू लागला. प्रकाश ही जमा. ती तीन खात्यांतून येते: भिंगाचे छिद्र किती मोठे, झडप किती वेळ उघडी आणि 'आयएसओ' म्हणजे संवेदकाचा प्रतिसाद किती वाढवलेला. छिद्राचा आकडा ४ वरून ८ केला, तर प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो. मग तूट भरून काढण्यासाठी १/६० सेकंदाची झडप १/१५ करावी, नाहीतर आयएसओ २०० चा ८०० करावा. कुठेतरी नावे टाकल्याशिवाय दुसरीकडे जमा होत नाही. तबकडीवरची अक्षरे एवढेच सांगतात की कोणते खाते आपल्या हाती आणि कोणते यंत्राच्या.

सप्टेंबरात पुन्हा गेलो. मंगळवारी लेणी बंद असतात, हे मागच्या वेळी दारात कळले होते. या वेळी गुरुवार निवडला. सौ. म्हणाली, "अहो, तिथे गेल्यावर त्या पुस्तिकेत डोके घालून बसू नका म्हणजे झाले."

सकाळी कैलास. उघड्या उन्हात काही अडत नाही. तिथे 'पी' लावला. यात छिद्र आणि झडप यांची जोडी कॅमेरा ठरवतो, पण फ्लॅश, आयएसओ आणि उजेड-अंधाराची दुरुस्ती आपल्याकडे राहते. हाताखालच्या अधिकाऱ्याने टिपण तयार करून आणावे आणि आपण त्यावर शेरा मारावा, तसे. मंदिराचा सगळा विस्तार पुढून मागपर्यंत स्पष्ट हवा होता, म्हणून नंतर 'ए' लावून छिद्र ८ वर ठेवले. (काही कंपन्या याच सोयीला 'एव्ही' म्हणतात आणि 'एस'ला 'टीव्ही'.)

उत्तरेकडे एकोणतिसाव्या लेण्याजवळ पावसाळ्यात कड्यावरून धबधबा पडतो. 'एस' शिकावा तर इथेच. झडप १/५०० ठेवली, तर थेंब न् थेंब जागीच थिजतो. १/४ ठेवली, तर पाण्याचे रेशीम होते. मात्र कॅमेरा हातात धरून चालत नाही. मी तो पंचाची घडी करून दगडी कठड्यावर टेकवला. सौ.ला थेंब आवडले, मला रेशीम. त्यावर आमचा अर्धा तास गेला.

त्यापुढे तीस ते चौतीस ही जैन लेणी. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतर उजेड आत शिरतो; डिसेंबरात आम्ही सकाळीच येऊन गेलो होतो, ही दुसरी चूक. बत्तिसाव्याला 'इंद्रसभा' म्हणतात. वरच्या मजल्यावरील गजारूढ यक्षाला लोकांनी इंद्र मानले, त्यावरून हे नाव रूढ झाले. अंगणातला एकाश्म हत्ती आणि मानस्तंभ पाहून जिना चढलो.

अंबिका तिथेच होती. खाली सिंह, मांडीवर मूल, वर झाड. खांबांतून येणारा उजेड कॅमेऱ्याला फसवत होता. त्यात तो सारखा घटत-वाढत असल्याचे यंत्राला वाटे आणि दर वेळी हिशेब बदले. म्हणून 'एम' लावला. छिद्र ४, आयएसओ १६००, झडप १/१५. पाठ खांबाला न टेकवता भिंतीच्या कोऱ्या भागाजवळ उभा राहिलो, कोपरे बरगड्यांशी दाबली, श्वास रोखला. पहिले काळपट आले. आयएसओ ३२०० केला. छायाचित्रात दाणे आले, पण पानाआडून आंबे दिसू लागले. मी एकूण अकरा वेळा बटण दाबले. सौ. कंटाळून जिन्यापाशी गेली होती.

घरी मुलाने ते छायाचित्र दूरदर्शन संचावर मोठे करून लावले. आईने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढायला लावली आणि बोटाने हवेतच आंबे मोजू लागली. मध्येच चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एवढे सुंदर आहे, मग तू रडत कशाला होतास रे?"