बुडाशी साठलेला रंग

पुणे, गुरुवार

चि. मुक्ता,


तुझा खडा आठ दिवसांपूर्वी पोचला. कापसातून काढला तेव्हा रात्र होती, म्हणून लगेच काही बोलायचं टाळलं. नारिंगी खडा रात्री दिव्याखाली कधी जोखू नये. पिवळा दिवा आपला रंग त्याला उसना देतो. सकाळी उत्तरेच्या खिडकीशी धरला आणि मग मात्र बराच वेळ खाली ठेववेना. हापूस कापल्यावर सालीलगत गर पिवळा असतो आणि कोयीकडे केशरी होत जातो, त्या मधल्या पट्टीतला हा रंग आहे. ताईच्या साठीला द्यायला तू हाच उचललास, याचं मला फार बरं वाटलं.

तू तीन गोष्टी विचारल्या आहेस. पहिलीचं उत्तर चटकन देऊन टाकते. नाही, हा पदपराडशा नाही. तो सिंहली शब्द आपल्या पद्मरागाचाच भाऊबंद, पण संस्कृतात पद्मराग म्हणजे माणिक आणि श्रीलंकेत मात्र कमळासारखा गुलाबी-नारिंगी नीलम. गुलाबी झाक नसेल तर प्रयोगशाळा ते नाव देत नाहीत. तुझ्या खड्यात गुलाबी अजिबात नाही. हा सरळ पिवळट नारिंगी नीलम. पेढीवरचे लोक याला पुष्कराजातच धरतील, आणि एखादा घाईत गोमेदही म्हणेल. गोमेद हा गार्नेटच्या घराण्यातला, कुरुंदापेक्षा, म्हणजे नीलम-माणकांच्या खनिजापेक्षा, पुष्कळ मऊ. तुझा खडा कुरुंदच आहे, ते मी तपासलं. प्रकाश त्यात दुभंगतो, वक्रीभवनांक १.७६ ते १.७७ च्या दरम्यान येतो आणि आत निसर्गाच्या खुणा आहेत. भट्टीत वितळवून बनवलेला नाही.

दुसरा प्रश्न पैलूंचा. मुंबईतल्या एका कारागिराने तुला सांगितलं की खडा ‘ढोबळ’ कापलाय, पोट सुटलंय, नव्याने पैलू पाडले तर झळाळेल. पोट सुटलंय हे खरंच. खडा छापील कागदावर ठेवला की मधोमध अक्षरं वाचता येतात. त्याला धंद्यात विंडो म्हणतात. कुरुंदात शिरलेला उजेड डोळ्यांकडे परत यायचा तर खालचे पैलू साडेचौतीस अंशांहून चांगले उभे लागतात. तुझ्या खड्याचं पोट कंबरेजवळ फुगीर आणि बुडाशी चपटं आहे, म्हणून मधला उजेड सरळ खाली निसटतो. श्रीलंकेतल्या जुन्या घाटाच्या खड्यांवर हा दोष कायम लावला जातो. वजन राखायला तसं करतात, हेही खोटं नाही.

पण कारागिराला हो म्हणण्याआधी एक ऐक. पांढऱ्याशुभ्र वाटीतल्या पाण्यात खडा कंबरेवर उभा धरून त्याची बाजू बघितली की रंग कुठे आहे ते कळतं. मी हेच मिथिलीन आयोडाइडमध्ये केलं. त्या द्रवाचा वक्रीभवनांक कुरुंदाच्या इतका जवळ असतो की खड्याची कड जवळजवळ विरघळते, पैलू दिसेनासे होतात आणि समोर उरतो तो नुसता रंग. तुझ्या खड्याचा वरचा दोन-तृतीयांश भाग लिंबाच्या पाण्याइतका फिका आहे. सगळा केशरी रंग बुडाशी एका पट्टीत साठलाय. ती पट्टी सरळ आहे आणि एका टोकाला कोनात मोडते, जसे स्फटिकाचे मूळचे थर वाढत गेले तशी. आणि तरीही वरून बघितलं की खडा काठोकाठ भरलेला दिसतो, कारण बुडातला रंग पैलूंवरून उसळून सगळीकडे पसरतो.

म्हणजे ज्याने हा कापला त्याला रंग कुठे आहे हे पक्कं ठाऊक होतं. त्याने बूड चपटं ठेवलं ते तिथला रंग घासून जाऊ नये म्हणून. मुंबईच्या कारागिराने ते पोट उतरवलं तर ४.३८ कॅरेटमधलं सव्वा कॅरेट जाईल, अक्षरं दिसायची बंद होतील, आणि हातात येईल एक चमचमता फिका पिवळा खडा. मला त्या मधल्या खिडकीचं काही वाटत नाही. 

तिसरा प्रश्न तू सगळ्यात शेवटी, कंसात विचारलास. तो मात्र सगळ्यात मोठा. श्रीलंकेतल्या रत्नपुराच्या विक्रेत्याने बिलावर ‘नो हीट’ लिहून दिलंय, त्यावर विश्वास ठेवावा का?

नको ठेवूस. भिंगाखाली रूटाइल खनिजाच्या रेशमासारख्या सुया दिसतात; न तापवलेल्या खड्यात त्या अखंड असतात. तुझ्या खड्यात त्या तुटून ठिपक्यांच्या रांगा झाल्यात, आणि एका बारीक स्फटिकाभोवती काचेसारखी चकती फुटलीय. हा चांगला तापलेला आहे. याचं दुःख करू नकोस. खडे तापवणं आजचं नाही; अल-बिरुनीने अकराव्या शतकात माणकं तापवण्याबद्दल लिहिलंय. श्रीलंकेत ‘गेउडा’ नावाचे दुधाळ दगड मिळत, त्यांना कुणी विचारत नसे. १९७० नंतर थाई व्यापाऱ्यांनी ते नेऊन सोळाशे अंशांच्या पुढे तापवले आणि त्यातून निळेशार नीलम निघाले. पिवळ्यांचंही तसंच झालं. तापवल्याने जे आत आहे तेच खुलतं. बिलावर खोटं लिहिलं, हा दोष विक्रेत्याचा. खड्यावर त्याचा डाग नको.

मला धास्ती आहे ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती का, ते तुला मी कधी सांगितलेलं नाही.

२००१ च्या पावसाळ्यानंतर बँकॉकहून नारिंगी नीलमांचे पुडे यायला लागले. इतके सुंदर आणि इतके सारखे खडे आम्ही पाहिले नव्हते. मी तेव्हा झवेरी बाजारात एका पेढीवर पारखीचं काम करत होते. त्यातला एक खडा मी एका बाईंना ‘फक्त तापवलेला’ म्हणून दिला. त्यांनी तो लेकीच्या लग्नासाठी घेतला होता. २००२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या व्यापारी संघटनेने इशारा दिला आणि पुढच्या महिन्यांत उलगडा झाला. थायलंडच्या चंथाबुरीत हे खडे क्रिसोबेरिलबरोबर (आपला लसण्या त्याच जातीचा) अठराशे अंशांच्या आसपास कित्येक तास भाजले जात. क्रिसोबेरिलमधलं बेरिलियम खड्यात शिरे आणि मादागास्करचे गुलाबी खडे नारिंगी होऊन बाहेर पडत. निसर्गात मॅग्नेशियम जे काम करतं, तेच इथे बेरिलियम करतं, लाखात एखाद-दोन कणांइतकं असलं तरी. म्हणून तर तो रंग परका वाटत नाही.

मी त्या बाईंकडे गेले, सांगितलं, पैसे परत दिले. त्यांनी खडा टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, “तुम्ही बघून दिला होतात ना?” मी बघूनच दिला होता. त्या वेळी जेवढं बघता येत होतं तेवढं सगळं.

तो खडा अजून माझ्या कपाटात आहे. परवा तुझ्या खड्याशेजारी, त्याच द्रवात ठेवला. कडा विरघळल्या आणि फरक समोर आला. त्याच्यात आत गुलाबी गाभा आणि भोवती नारिंगी साल, आणि ती साल कापलेल्या खड्याच्या घाटाबरोबर फिरते. स्फटिकाला तसा घाट माहीतच नसतो. आधी कापला, मग रंग आला, हे ती साल सांगते. तुझ्या खड्यातली पट्टी मात्र घाट न जुमानता आपल्या वाटेने जाते.

माझं मन म्हणतं, तुझ्या खड्याचा रंग त्याचा स्वतःचाच आहे. पण बेरिलियम पुष्कळदा आरपार जातं, मग साल उरतच नाही आणि मूळचे थरही त्याखाली तसेच दिसत राहतात. भिंगाने त्याचा निकाल लागत नाही. त्याला लेसरने कंबरेवर डोळ्यांना न दिसणारा खड्डा पाडून त्यातले अणू मोजणारं यंत्र लागतं. एकदा बघूनच दिला होता, म्हणून यंत्राशिवाय मी हो म्हणणार नाही. खडा ताईच्या बोटात जाणार आहे.

आणखी एक केलं. काही पिवळे-नारिंगी खडे किरणोत्साराने रंगवलेले असतात आणि उन्हात विटतात. २०१६ नंतर मादागास्करहून आलेले काही खडे तर निसर्गतःच असे निघाले. म्हणून तुझा खडा तीन दिवस गच्चीत उन्हात ठेवला, काचेच्या झाकणाखाली, कावळ्याने नेऊ नये म्हणून. तसूभरही फिका झाला नाही. ती काळजी मिटली.

तर आता असं कर. कारागिराला नाही म्हणून कळव. सोनाराला कोंदण उघड्या बुडाचं करायला सांग, पण अजून घडवायला देऊ नकोस. खडा मी सोमवारी प्रयोगशाळेत पाठवते. अर्जात ‘बेरिलियम चाचणी’ असं वेगळं लिहावं लागतं, ते मी लिहिलंय. निकाल काहीही आला तरी ताईला कागद दाखवूनच अंगठी द्यायची. तिला तापवलेला म्हणजे काय ते मी समजावीन.

साठीला अजून सात आठवडे आहेत. तोवर तिला काही बोलू नकोस.

तुझी,
मावशी